दांत कशानें टिकतात ?

(गांवच्या शाळेंत पालक मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



बैल विकत घेतांना आपण आधीं त्याचे दांत पाहतों. पण घरच्या लेंकरांचे दांत पाहणारे आपल्यांत किती आहेत ? आम्ही शाळामास्तर. मुलें धडा वाचूं लागलीं कीं त्यांचीं तोंडें आमच्यापुढें उघडतात. पुढचे दांत काळे पडलेले, दाढा पोखरलेल्या. बाप म्हणतो, "दुधाचेच दांत ते, पडायचेच आहेत." परंतु दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडांत राहतात. दाढ ठणकूं लागली म्हणजे पोर भाकरी चावीत नाहीं, रात्रीं झोंपत नाहीं आणि अभ्यासांत मागें पडतें. ही हानि कोण भरून देणार ?

आपण दांतास 'कीड लागली' म्हणतों. पण दाढेंत किडा मुळींच नसतो. बियांची धुरी देऊन दाढेंतला किडा काढून दाखविणारा तुमचे पैसे तेवढे काढतो. फ्रान्सचे दंतवैद्य प्येर फोशार यांनीं १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांतच ही समजूत नाकारली आहे.

मग खरें काय ? तोंडांत डोळ्यांस न दिसणारे जंतु असतात. ते गोड व पिठूळ अन्नावर जगतात आणि आम्ल तयार करितात. तें आम्ल दांताचें कवच विरघळवितें. एकदां गोड खाल्लें कीं हा मारा अर्धा ते एक तास चालतो. पुढें लाळ तें आम्ल धुवून टाकिते व कवचाचे गेलेले क्षार थोडेबहुत परत देते. म्हणून गोड किती खाल्लें याबरोबर किती वेळां खाल्लें हेंही पाहिलें पाहिजे. सणाची पुरणपोळी जेवणांत खाल्ली तर नुकसान थोडें. पण गोळी, बिस्कीट व साखरेचा चहा दिवसभर चालूं राहिला, तर लाळेस दुरुस्तीला सवडच मिळत नाहीं. गुळाला यांत सूट नाहीं. दांतांच्या लेखीं गूळ हा साखरेचाच भाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सुचविलें आहे कीं, प्रौढ माणसानें दिवसाची साखर सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, याच्या आंत ठेवणें उत्तम.

आतां दांत घडतात कशाचे तें पाहूं. चुना, ज्यास कॅल्शियम म्हणतात, आणि स्फुरद. पिकास जसा स्फुरद लागतो तसाच दांतांसही लागतो. तो डाळी, दूध, मासे, अंडीं यांतून मिळतो. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तितक्याच सडलेल्या तांदुळांत दहाच्या आसपास. तीळ, ताक, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, कांट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे, हीं सारीं चुन्याचीं कोठारें आहेत. हा चुना अंगीं लागण्यास 'ड' जीवनसत्त्व हवें. तें अंगावर ऊन घेतल्यानें तयार होतें.

हिरड्यांस 'क' जीवनसत्त्व हवें. १७४७ सालीं जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरानें स्कर्व्हीनें हिरड्या सडलेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्रीं-लिंबें मिळालेले दोघेच लवकर बरे झाले. आपल्याकडे आवळा आहे, पेरू आहे. लिंबू ताटांत पिळावें. मात्र तें चोखीत बसूं नये, त्याचें आम्लही कवच झिजवितें.

आतां एक कडू बोल. सगळें दूध डेअरीला आणि पोराला चहा, हा व्यवहार कोणत्या हिशेबांत बसतो ? विकण्यापूर्वीं पेलाभर दूध घरांत ठेवा. कायमच्या दांतांचें कवच जन्माच्या सुमारास घडूं लागतें व पहिल्या सात-आठ वर्षांत, अक्कलदाढा सोडल्यास, बहुतेक घडून होतें. तें पुन्हां उगवत नाहीं.

आणि मायबहिणींनो, 'एका बाळंतपणास एक दांत' ही म्हण खोटी आहे. मूल आईच्या दांतांतला चुना घेत नाहीं. ओकाऱ्यांचें आम्ल, सुजलेल्या हिरड्या, वारंवारचें खाणें आणि होणारी हयगय यांनीं दांत जातात. पोटुशी बाई सर्वांच्या मागून उरलेलें खाते, हें बंद झालें पाहिजे. मिशरीही सोडा, ती तंबाखूच आहे. तिनें हिरड्या खचतात व तोंडाचा कर्करोग होतो.

नुसत्या खाण्यानें भागत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. सकाळीं आणि रात्रीं झोंपण्यापूर्वीं फ्लोराइड असलेल्या पेस्टनें दांत घासावे, आणि दाढ दुखेपर्यंत न थांबतां सरकारी दवाखान्यांत दाखवावी. उद्यांच्या बाजारांत गोळ्यांचा पुडा बाजूस ठेवून पेरू घ्या. नाचणी दळून आणा. एवढें झालें तरी आमचें बोलणें सार्थकीं लागलें.