पोटुशीचं ताट आणि नऊ तारीख

“जास्त खाऊ नको, बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल.” आमच्या सासवांनी आम्हाला हेच सांगितलं, त्यांना त्यांच्या सासवांनी. अर्धपोटी राहून बाळ अशक्त होतं, हे कोणी सांगितलं नाही.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पण पांढराशुभ्र तांदूळ हवा म्हणून कोंडा गिरणीतच राहतो आणि त्यातलं जीवनसत्त्वही. आम्ही आता घरापुरता कमी पॉलिशचा तांदूळ करून आणतो. सोबत वरण, शेवग्याची भाजी, जवसाची चटणी, वर लिंबू. जेवणावर लगेच चहा नको, रक्त वाढवणारं लोह तो अंगी लागू देत नाही.

तरी नुसत्या भाजीवर भागत नाही. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, 180 दिवस. शौचाला काळं होतं म्हणून कितीजणी ती सोडतात! त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी घ्या.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, 2016 पासून. तिथे गप्प बसू नका. हिमोग्लोबिन किती? 11 च्या खाली तर नाही? सिझेरियन म्हणाले, तर कशासाठी? विचारा. आणि सासूबाईंनाही सोबत न्या, त्यांनीही ऐकू दे.