दाखल्यावरची तारीख



आज मी तुमच्यापुढे एक तक्रार मांडणार आहे. ती कुठल्याच कचेरीत दाखल करून घेत नाहीत, म्हणून आकाशवाणीवर घेऊन आलो आहे. तक्रार कॅलेंडरविरुद्ध आहे. आणि वेळ उरला तर सिनेमाच्या पुरस्कार सोहळ्यांविरुद्धही आहे. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. मलाही तो फार उशिरा कळला.

सुरुवात स्वतःपासून करतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९६८. माझ्या पिढीतल्या बऱ्याच श्रोत्यांना आत्ता हसू आले असेल, कारण त्यांचीही तारीख हीच. त्या काळी मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगत. कान हाताला लागला की पोरगे सहा वर्षांचे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून जन्म एक जूनचा. आमच्या वर्गातली निम्मी पोरे एकाच दिवशी जन्मली होती. आता ती सगळी निवृत्तही एकाच दिवशी होतात, ३१ मे रोजी. कारण एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो, असा नियम आहे. त्या दिवशी हारवाल्यांना आणि नारळवाल्यांना उसंत नसते.

बरे, दाखला खोटा, मग खरी तारीख कोणती? लहानपणी मी अम्माला विचारले. ती म्हणाली, “ईद के दिन.” कुठल्या वर्षी? “जिस साल ईद दो बार आई.”

हे उत्तर कोड्यासारखे वाटेल, पण ते खरे आहे. १९६८ साली रमजान ईद खरोखरच दोनदा आली. एक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरी डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास. पुढे २००० सालीही तसेच झाले आणि आता २०३३ साली होईल. कारण सोपे आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते ३५४ दिवसांचे, कधी ३५५. म्हणून आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून पुन्हा जागेवर येतात.

तर माझा जन्म दोन ईदांपैकी एकीला झाला. कोणत्या? अम्माने पुष्कळ आठवून सांगितले, “ठंडी थी रे.” आता जानेवारीतही थंडी आणि डिसेंबरातही थंडी! एका वाक्यात अम्माने मला एक वर्षाने लहान-मोठा करून ठेवले.

मिरजेत आमच्या वाड्यात शेजारी एक काकू राहत. त्यांचे पंचांग चंद्राला मानते, पण सूर्यालाही दुखवत नाही. दोघांच्या हिशेबात फरक पडत गेला की दर दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून तो भरून काढायचा. त्यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतो. काकूंचे जावई त्या महिन्यात अनारसे खायला येत. मी अब्बांना विचारायचो, आपल्यात धोंड्याचा महिना का नाही? अब्बा म्हणत, “आपला जावई अजून व्हायचाय.”

खरे म्हणजे अधिक महिना नाही, यातच आमच्या कॅलेंडरची गंमत आहे. मी दहा वर्षांचा असताना, १९७८ साली, श्रावण आणि रमजान एकाच अमावास्येनंतर लागले. काकूंचा सोमवार संध्याकाळी सुटायचा, अम्माचा रोजा मगरीबला. दोघींच्या घासात थोड्या मिनिटांचे अंतर. आमच्याकडची खजूर तिकडे आणि तिकडची साबूदाण्याची खिचडी इकडे अशी ये-जा चाले. ईद झाली आणि पाठोपाठ गणपती बसले. सुट्ट्याच सुट्ट्या! पण १९८६ साली मी कॉलेजात होतो, तेव्हा तोच रमजान ऐन मे महिन्यात आला. मिरजेच्या उन्हात रोजा धरून लायब्ररीपर्यंत सायकल मारताना मला धोंड्याच्या महिन्याची फार आठवण झाली.

त्यात चाँदची गोष्ट वेगळीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ईदची तारीख छापलेली असते; पण चाँद कॅलेंडर वाचत नाही. साहेब विचारतात, “ईद उद्या की परवा? रजेचा अर्ज नक्की काय तो द्या.” एकदा वैतागून मी अर्जात तारखेपुढे लिहिले, ‘चंद्रदर्शनाच्या अधीन’. मराठी घेऊन बी.ए. झाल्याचा तेवढाच उपयोग झाला.

हिजरी हिशेबाने माणूस लवकर म्हातारा होतो, हेही सांगायला हवे. तेहतीस वर्षांमागे एक वर्ष जादा लागते. म्हणजे इंग्रजी हिशेबाने मी पन्नाशीत असलो, तरी हिजरीने त्याहून जवळजवळ पावणेदोन वर्षांनी मोठा. पेन्शनला कोणते वय धरावे, असे मी एकदा आस्थापना शाखेत विचारले. तिथल्या बाईंनी उत्तर दिले नाही, फक्त चष्म्यावरून पाहिले.

इंग्रजी कॅलेंडर तरी कुठे सरळ आहे? मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. चार वर्षांनी वाढदिवस यावा, तर १९०० साल लीप वर्ष नव्हते. बिचाऱ्यांना पहिल्या वाढदिवसासाठी १९०४ पर्यंत थांबावे लागले. आणि आपल्या सरकारचे स्वतःचे राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे, ते २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. आकाशवाणीवर सकाळी ती तारीख सांगतात. पण आज सौर तारीख काय, असे कोणाला अडवून विचारा. ज्यांनी सकाळी सांगितली, त्या निवेदिकेखेरीज कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

आता सिनेमाकडे येतो. सिनेमालाही शाळेसारखाच दाखला असतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी चित्रपट कोणत्या वर्षाचा, हे सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेवरून ठरते. ‘वाळवी’ चित्रपटगृहात लागला जानेवारी २०२३ मध्ये. पण तो २०२२ चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि तसे जाहीर झाले २०२४ साली. हे वाचले आणि मला वाटले, अरे, हा तर माझ्यासारखाच एक जूनवाला!

ऑस्करवाले याहून पुढचे. चार्ली चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ १९५२ सालचा. पण लॉस एंजेलिसच्या चित्रपटगृहात तो रीतसर लागला १९७२ साली. नियमाप्रमाणे तो १९७२ चा सिनेमा धरला गेला आणि त्याच्या संगीताबद्दल चॅप्लिनला १९७३ साली ऑस्कर मिळाले. वीस वर्षांचा घोडा डावा कान पकडून पहिलीत बसला म्हणायचा!

उशीर कधी कधी हसण्यासारखा राहत नाही. ‘मॉम’साठी श्रीदेवींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला एप्रिल २०१८ मध्ये. त्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या. पुरस्कार घरच्या माणसांनी घेतला. ते वाचताना माझी सोहळ्यांविषयीची सगळी चेष्टा घशात अडकली होती.

टीव्हीवरच्या सोहळ्यांची चेष्टा मात्र मी सोडणार नाही. कोणा एकाचे नाव घेत नाही, सगळे सारखेच. विजेत्यांची नावे पेपरात येऊन रद्दीत जातात, तेव्हा सोहळा टीव्हीवर येतो. १९२९ साली ऑस्करचा पहिला सोहळा झाला, त्यातही विजेते आधीच जाहीर झालेले होते. पण ती माणसे शहाणी. बक्षिसे पंधरा मिनिटांत वाटून मोकळी झाली. फिल्मफेअरनेही १९५४ साली पाच पुरस्कारांवर भागवले होते. आता सूत्रसंचालकांचे विनोदच पंधरा मिनिटांत संपत नाहीत. मग नाच, मग जाहिराती, मग पुन्हा नाच. घरात मी एकटा जागा असतो, कारण मला गीतकाराचे बक्षीस बघायचे असते. नेमके तेव्हाच जाहिराती लागतात.

गीतकारांना उशिराची सवयच आहे म्हणा. फिल्मफेअरने संगीताला पहिल्या वर्षापासून पुरस्कार दिला, गीतकाराला १९५९ पासून. पहिला ‘यहुदी’साठी शैलेंद्रना. राष्ट्रीय पुरस्कारात गीतकाराची पाळी आली ती १९६८ च्या चित्रपटांपासून. पहिला मान तमिळ कवी कन्नदासन यांचा. म्हणजे दिल्लीला कवी आठवायला माझा जन्म व्हावा लागला. जानेवारीत की डिसेंबरात, ते विचारू नका.

मलाही एकदा कवितेचा पुरस्कार मिळाला होता. संस्था लहान, माणसे प्रेमळ. कार्यक्रम एकदा सभागृहामुळे पुढे गेला, एकदा पावसामुळे, एकदा पाहुण्यांमुळे. शेवटी पार पडला. शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळाले. घरी येऊन पाहतो तर चेकवर तारीख पहिल्या कार्यक्रमाची! चेक तीन महिने चालतो. मला चार होऊन गेले होते. पुढच्या पिढीला दाखवायला तो मी जपून ठेवला आहे.

काचेपलीकडून मला वेळ संपत आल्याची खूण होते आहे. ऑस्करमध्ये आभाराला पंचेचाळीस सेकंद देतात, आकाशवाणी त्या मानाने उदार आहे. तेव्हा शेवटची गोष्ट सांगतो.

निवृत्तीची कागदपत्रे गोळा करायला लागलो, तसा माझ्या खऱ्या तारखेचा ध्यास वाढला. अम्मा जाऊन काही वर्षे झाली. जाण्याआधी एका हिवाळ्यात मी तिला पुन्हा विचारले होते, अम्मा, जानेवारी की डिसेंबर? ती चिडली. म्हणाली, तू आलास त्या ईदला माझ्या घरात चूल पेटली नाही, एवढे मला आठवते. शिरखुर्मा झालाच नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या पद्धतीने शेवयांची खीर करून पाठवली. सणाच्या दिवशी घरातल्या पोराला शिरखुर्मा मिळाला नाही, म्हणून दर ईदला पहिली वाटी तुझी.

पहिली वाटी माझी का, हे मला इतक्या वर्षांनी कळले. बहिणी त्यावरून भांडायच्या, अम्मा कधी कारण सांगायची नाही.

मग मी काकूंकडे गेलो. त्या आता मुलाकडे सांगलीला असतात, नव्वदीला टेकल्या आहेत. खीर त्यांना लख्ख आठवत होती. म्हणाल्या, “अरे, दूध नासलं होतं पहिल्यांदा. पुन्हा आणायला लावलं. आणि पौष लागला होता, एवढं नक्की. ह्यांना मी म्हटलंसुद्धा, पौषात पोर झालं.”

मला वाटले, सापडली तारीख! आनंदाने जुनी पंचांगे मिळवून पाहिली. श्रोतेहो, १९६८ च्या दोन्ही ईदा पौषातच पडल्या होत्या. दोन्ही शुद्ध पक्षात, महिना नुकता लागलेला असताना. मधल्या वर्षात अधिक महिना नव्हता, त्यामुळे पंचांगही हिजरीच्या बरोबरीने तितकेच मागे सरकले होते. अम्माची थंडी आणि काकूंचा पौष, दोघींनी मिळून मला जिथल्या तिथे आणून सोडले.

आता मी शोध थांबवला आहे. ३१ मेला कचेरीत माझा आणि इतर एक जूनवाल्यांचा एकत्र सत्कार होईल. आम्हा सगळ्यांविषयी एकच भाषण होईल. मी मान खाली घालून ऐकेन. आणि ईदला, चाँद जेव्हा दिसेल तेव्हा, माझी मुलगी पहिली वाटी माझ्यापुढे ठेवील. अम्मा गेल्यापासून हे काम तिने आपणहून घेतले आहे. त्या वाटीला दाखला लागत नाही. काकूंना मात्र या वेळी मी स्वतः डबा घेऊन जाणार आहे. सत्तावन-अठ्ठावन वर्षांची खीर फेडायची राहिली आहे.