शिवणयंत्राचा पट्टा का उतरतो?

आपल्या घरांतून जी यंत्रे वावरतात, त्यांत शिवणयंत्राइतके निष्ठावंत यंत्र दुसरे क्वचितच सापडेल. सासूने वापरलेले यंत्र सुनेच्या आणि पुढे नातसुनेच्या हाती आलेले आपण पुष्कळ कुटुंबांत पाहतो. अमेरिकेत इलायस हाऊ याने १८४६ साली आणि आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपापल्या यंत्रांची पेटंटे घेतली. टोकाशी नेढे असलेली सुई आणि तिच्या दोऱ्यात खालून गुंतणारा दुसरा दोरा ही मूळ कल्पना तेव्हापासून आजतागायत कायम आहे. महात्मा गांधींना यंत्रांविषयी वाटणारी साशंकता सर्वश्रुत आहे; परंतु १९२४ साली या विषयावर बोलताना त्यांनीही शिवणयंत्राला मात्र अपवाद म्हणून उचलून धरले होते.

अशा या गुणी यंत्राला कधीकधी एक खोड जडते. काम ऐन रंगात आले असता पायाखालचे मोठे चाक एकाएकी हलके होते, सुई जागच्या जागी थबकते, आणि पाहावे तो पट्टा खाली उतरलेला! तो चढवावा, दोन वीत शिवण होते न होते तोच पुन्हा तो उतरावा. ज्यांच्या घरी यंत्र हौसेपुरते आहे, त्यांना हा केवळ वैताग वाटेल. पण ज्या घरात परकर, झबली आणि झंपर शिवून मुलांच्या फीचे पैसे उभे करावयाचे असतात, तेथे दिवसातून वीस वेळा उतरणारा पट्टा म्हणजे बुडालेली मजुरीच होय. या खोडीचे मूळ कसे शोधावे, याविषयी आज आपणांशी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे. मी कारागीर नव्हे. आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य आहे. परंतु ‘असे का होते?’ हा प्रश्न विचारण्यास कारागिराचा परवाना लागत नाही, आणि या बाबतीत निम्मे काम त्या प्रश्नानेच होते.

प्रथम पट्टा राहतो कसा, ते पाहू. म्हणजे तो उतरतो का, हे आपोआप उलगडेल. पायाच्या यंत्राचा पट्टा सामान्यतः चामड्याचा, गोल आणि सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा असतो. खालचे मोठे चाक आणि वरचे लहान हातचाक या दोहोंच्या कडेला निमुळती खोबण कोरलेली असते. पट्टा या खोबणीच्या तळाशी बसत नाही, तर तिच्या दोन उतरत्या बाजूंमध्ये पाचरीसारखा दाबून बसतो, आणि या दाबामुळेच त्याची पकड टिकते. पिठाच्या गिरणीतील रुंद, चपट्या पट्ट्याची गोष्ट निराळी. तेथे चाकाला खोबण नसते. उलट चाक मध्यभागी किंचित फुगीर केलेले असते, आणि पट्ट्याचा स्वभाव उंच भागाकडे सरकण्याचा असल्यामुळे तो मधोमध राहतो. आपल्या यंत्राच्या पट्ट्याला मात्र खोबणीचाच आधार. तो चाकावर ज्या ठिकाणी शिरतो, तेथे सरळ शिरला तर बिनघोर फिरत राहतो. वाकडा शिरला तर खोबणीच्या काठाला घासू लागतो, आणि घासता घासता एखाद्या वेळी काठावर चढून पलीकडे उडी टाकतो. तात्पर्य, पट्टा उतरण्याची कारणे मुख्यतः तीन: तो वाकडा शिरत असावा, तो सैल किंवा सदोष असावा, अथवा यंत्र इतके जड झालेले असावे की पट्ट्याला ते ओढवत नसावे.

या तिहींपैकी आपले कारण कोणते, हे ठरविल्यावाचून पेचकस हाती घेऊ नये. पुष्कळ जण पट्टा उतरला की सरळ नवा पट्टा आणतात. आमच्या शेजारच्या एका बाईंनी एका वर्षात असे तीन पट्टे आणले. त्या एका दुकानासाठी नगावर परकर शिवीत. दर वेळी नवा पट्टा दोन दिवस बरा चाले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! शेवटी दुरुस्ती करणाऱ्याने, यंत्र जुने झाले, आता मोडीत काढा, असा सल्ला दिला. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली, दुकानातील कापड घरात येऊन पडलेले. नवे यंत्र घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांच्या यंत्राचे पुढे काय झाले ते यथाक्रम सांगेन. कारण त्यांनी जी पायरी-पायरीची तपासणी केली, तीच कोणालाही करता येण्यासारखी आहे.

पहिली पायरी निरीक्षणाची. पट्टा वरच्या चाकावरून उतरतो की खालच्या? डाव्या अंगाला पडतो की उजव्या? प्रारंभी झटका बसताच उतरतो, जाड शिवण आली म्हणजे उतरतो, की भरधाव चालताना उतरतो? या तीन प्रश्नांची उत्तरे दोन दिवस एका कागदावर टिपून ठेवावीत. त्याचबरोबर खडूने दोन खुणा कराव्यात: एक पट्ट्याच्या सांध्यापाशी, दुसरी मोठ्या चाकाच्या काठावर. मग एकाने हातचाक हाताने सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने पाहावे. सांध्याची खूण चाकावर येते त्या वेळी पट्टा उसळत असेल, तर दोष सांध्यात आहे. चाकाची खूण वर येते त्या वेळी प्रत्येक फेऱ्याला तो डुलत असेल, तर दोष चाकात आहे. दोन्ही खुणांशी संबंध न ठेवता तो सतत एकाच काठाला घासत असेल, तर दोन चाके एका सरळीत नाहीत असे समजावे.

दुसरी पायरी विभागणीची. हातचाकाच्या मधोमध एक गोल कळ असते. बॉबिन भरताना आपण ती सैल करतो, म्हणजे चाक फिरते पण सुई हलत नाही. ती सैल करून पायाने यंत्र पाच मिनिटे चालवावे. आता पट्टा फक्त दोन चाकांना फिरवीत आहे. शिवण्याच्या यंत्राचा भार त्याच्यावर नाही. अशा स्थितीत पट्टा मुळीच उतरला नाही, तर दोष बहुधा वरच्या यंत्राच्या जडपणात आहे. तरीही उतरला, तर दोष पट्ट्यात, चाकांत किंवा लोखंडी सांगाड्यात आहे. एवढ्या एका परीक्षेने निम्मी शोधाशोध वाचते.

यंत्र जड झाले असेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा तेल आणि दोरा यांत असते. वर्षानुवर्षे साचलेले तेल वाळून चिकट होते, शटलच्या घरात दोऱ्याचे तुकडे अडकतात, कापडाची लव दातांखाली दाटून बसते. मोठ्या चाकाच्या आसाभोवती आणि पायट्याच्या जोडदांड्याभोवतीही केस व दोरे गुंडाळले जातात, त्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. हे सर्व ब्रशाने व चिमट्याने काढावे, शिवणयंत्राचेच पातळ तेल प्रत्येक भोकात एकेक थेंब सोडावे आणि यंत्र थोडा वेळ रिकामे चालवावे. खाण्याचे तेल कदापि घालू नये. ते वाळून राळेसारखे घट्ट होते. तेल घालताना ते पट्ट्यावर सांडू देऊ नये, कारण तेलकट पट्टा खोबणीत घसरतो. सांडलेच तर कोरड्या फडक्याने टिपून पट्ट्यावर खडूची पूड चोळावी. खडू तेल शोषून घेतो. शाळामास्तराच्या घरी या औषधाची वाण नसते.

आता पट्ट्याविषयी. नवे चामडे पहिल्या काही दिवसांत ताणले जाते, हा त्याचा धर्मच आहे. म्हणून नवा पट्टा एकदा बसविला की काम झाले, असे समजू नये. आठवड्याने तो पुन्हा तपासावा. मधोमध बोटाने दाबला असता तो किंचित लवला पाहिजे. लोंबू लागला तर सैल आहे. सैल पट्टा कमी करताना एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक कापू नये. कापलेले चामडे पुन्हा जोडता येत नाही. टोकापासून थोडे आत सरळ मध्यावर भोक पाडावे, तारेची कडी दोन्ही भोकांतून घालावी आणि पकडीने ती अशी दाबावी की तिची टोके चामड्यात बसतील, बाहेर डोके काढणार नाहीत. भोक एका बाजूला गेले तर सांधा वाकडा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला पट्ट्याला कलंडवितो. पट्टा फार ताणून बसविणे हाही उपाय नव्हे. त्याने पाय भरून येतात आणि चाकांचे आस झिजतात; उतरण्याचे मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते.

सर्वांत अधिक चकविणारा प्रकार वाकड्या चाकांचा. त्याची परीक्षा अशी: पट्टा काढून ठेवावा. एक मजबूत दोरा वरच्या चाकाच्या खोबणीत टेकवून, फळीच्या भोकातून खाली आणून, मोठ्या चाकाच्या खोबणीपर्यंत ताणून धरावा आणि आपण शिवावयास बसतो त्या जागेवरून त्याकडे पाहावे. तेथून दोन्ही चाके कडेने दिसतात. दोरा दोन्ही खोबणींत कोणत्याही काठाला न टेकता सरळ उतरला पाहिजे. तो तिरपा दिसला, तर कोठे तरी काही सरकले आहे. मग चार ठिकाणे पाहावीत. मोठे चाक हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. ते लडबडत असेल तर त्याच्या आसाचा स्क्रू सैल आहे, तो चाक मोकळे फिरेल इतपतच आवळावा. सांगाड्याचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत ना, हे पाहावे. आपल्या शहाबादी फरशा नेहमी सपाट असतात असे नाही, आणि एक पाय अधांतरी राहिला तर सारा सांगाडा पिळवटतो. लोंबत्या पायाखाली लाकडाची चकती घालावी. पुष्कळ सांगाड्यांना पट्टा मुद्दाम उतरविण्यासाठी, म्हणजे यंत्र पेटीत निजविण्यापूर्वी वापरण्यासाठी, एक लहानशी कळ असते. ती वाकून पट्ट्याला टेकत असेल तर ती आपले काम अवेळी करीत राहते. आणि शेवटी, वरचे यंत्र ज्या दोन बिजागऱ्यांवर बसविलेले असते, त्यांचे स्क्रू फळीच्या मागील अंगाला चाचपावे.

शेजारच्या बाईंच्या यंत्राचे दुखणे याच शेवटच्या ठिकाणी निघाले. त्यांनी दोरा ताणून पाहिला तो काम सुरू करण्यापूर्वी, आणि तो सरळ उतरला. अर्ध्या तासाच्या शिवणीनंतर पुन्हा पाहिला, तो तिरपा दिसला. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल झाल्यामुळे भरधाव चालताना अख्खे यंत्र हादऱ्याने सुताभर डावीकडे सरकत असे. पट्टा चढविताना त्या नकळत ते हाताने पूर्ववत लोटीत. म्हणून नव्या पट्ट्याने दोष जाईना. त्यांनी पेचकसाने दोन स्क्रू आवळले, त्याला पाच मिनिटे लागली. दिवाळीचे कापड वेळेवर दुकानात पोहोचले आणि मोडीत निघावयाचे यंत्र आजही त्यांच्या खिडकीपाशी चालू आहे.

ज्यांनी यंत्राला विजेची मोटर जोडली आहे, त्यांनाही हीच तपासणी लागू आहे. तेथे मोटर ज्या स्क्रूने यंत्राला बसविलेली असते तो सैल झाला की मोटर वर सरकते आणि रबरी पट्टा ढिला पडतो. मात्र हात लावण्यापूर्वी बटण बंद करून पिन भिंतीतून काढून घ्यावी. नुसत्या बटणावर विसंबू नये.

सावधगिरीचे दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. चालत्या चाकावर पट्टा चढविण्याचा मोह अनुभवी माणसांनाही होतो, तो टाळावा. पाय पायट्यावरून काढून घ्यावा, पट्टा प्रथम वरच्या खोबणीत बसवावा, मग खालच्या चाकाच्या काठावर धरून हातचाक सावकाश हाताने फिरवावे. पदर खोचलेला व केस बांधलेले असावेत. मोठ्या चाकाजवळ लहान मुलांना बसू देऊ नये. फिरत्या आऱ्यांचे त्यांना फार आकर्षण असते, आणि त्या आऱ्यांत सापडलेले बोट पट्ट्यासारखे पुन्हा जोडता येत नाही.

महिन्यातून एक सकाळ यंत्रासाठी राखून ठेवावी. धूळ व दोरे काढावेत, तेल घालावे, स्क्रू चाचपावेत, दोरा ताणून सरळी पाहावी. अर्ध्या तासाहून अधिक वेळ याला लागत नाही. ज्या घरी यंत्रावर चूल अवलंबून आहे, तेथे सणासुदीच्या आधी पंधरवडाभर ही तपासणी करून ठेवावी, म्हणजे ऐन घाईत खोळंबा व्हावयाचा नाही. आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना या कामात सोबतीला घ्यावे. खडूच्या दोन खुणांवरून दोष कसा हुडकावा, हे त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर पुढे सायकलची साखळी उतरली तरी ती प्रथम दुकानाकडे न धावता चाकाकडे निरखून पाहतील.