दादांचा गळ आणि माझी यादी

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, एआयवर तर अजिबात नको. तुझ्या तिकडची एखादी गोष्ट सांग." म्हणून मी मासे धरण्यावर बोलणार आहे. हसू नका. भूगोलाच्या बाई समोर बसल्यात, त्यांनी नद्यांच्या धड्याला मला उभं केलं होतं आणि फ्रेझर नदी कुठल्या देशात आहे ते मला सांगता आलं नव्हतं. बाई, कॅनडात आहे. मी जाऊन आले.

आमच्या दादांना तुमच्यातले बरेच जण ओळखता. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुणाची शेवटची गाडी चुकली तर त्यांच्या केबिनमध्ये बसायला मिळायचं, हे आठवत असेल. सुट्टीच्या दिवशी मात्र ते प्रीतिसंगमाच्या अलीकडे कृष्णेकाठी गळ टाकून बसलेले असायचे. बांबूची काठी, कणकेत हळद घालून मळलेला गोळा, आणि तोंडातून शब्द नाही. वाम मिळाली तर आई खूश, शिंगट्या मिळाला तर काटे लागतात म्हणून कुरकुर.

आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. ते दिवस कसले होते, तुम्हाला माहीत आहे. मी सिॲटलजवळ राहते. मला वेळेत पोचता आलं नाही. सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर दादा बोलायचेच कमी झाले. पुढच्या वर्षी मी त्यांना म्हटलं, इकडे या थोडे दिवस, काय बघायचंय सांगा. डिस्नेलँड नको, नायगारा नको. म्हणाले, "तिकडं नदीत मोठा मासा असतो का गं?"

असतो. फ्रेझर नदीतला पांढरा स्टर्जन. उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा. शंभरावर वर्षं जगू शकतो, वीस फुटांपर्यंत वाढू शकतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या रांगा, तोंडात दात नाहीत, आणि तोंडापुढे चार मिशा. आमच्या घरापासून कॅनडाची हद्द गाडीनं दोन तासांवर, तिथून पुढे चिलिवॅक नावाचं गाव अर्ध्या तासावर. तिथं परवानाधारक गाईड बोट, गळ, आमिष सगळं घेऊन नदीवर नेतात. पैसे भरायचे आणि सकाळी आठला धक्क्यावर हजर व्हायचं. गाईडचं काम नदीपासून सुरू होतं. नदीपर्यंत पोचायचं कसं, हे तुमचं तुम्ही बघायचं.

आता मी पडले इंजिनिअर. मी यादी केली. खरं सांगायचं तर २०१८ साली व्हँकुव्हरला गेलो होतो तेव्हाची यादी होतीच, तीच उघडली आणि तिच्यात दादांसाठी भर घातली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दादांची कागदपत्रं म्हणजे वेगळं प्रकरण होतं. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा त्यांच्याकडे २०१६ पासून होता, पण तो कॅनडाला चालत नाही. भारतीय पासपोर्टवर कॅनडात मौजेसाठी जायचं तर त्यांचा स्वतंत्र व्हिसा लागतो. तो आम्ही ते इकडे यायच्या आधीच, जानेवारीत मागितला. शंभर कॅनेडियन डॉलर व्हिसाचे, पंच्याऐंशी बोटांच्या ठशांचे. ठसे द्यायला दादा पहाटेच्या एसटीनं मुंबईला गेले आणि त्याच रात्री परत आले, कारण लॉजवर पैसे घालवणं त्यांना पटत नाही. मग वाट बघणं. पासपोर्ट जूनमध्ये हातात आला. ज्यांचे आईवडील असे दोन देश फिरणार असतील त्यांना एवढंच सांगते: व्हिसा भारतातूनच करून आणा. अमेरिकेत आल्यावर करायचा म्हटलं तर त्यांचा पासपोर्ट मध्येच पाठवून द्यावा लागतो, आणि परतीची तारीख जवळ यायला लागली की झोप लागत नाही. अमेरिकेसाठी काढलेला आजारपणाचा विमा कॅनडात चालेलच असं नाही, तेही बघून घ्या. आणि कॅनडात जाऊन आलं की अमेरिकेतले सहा महिने नव्यानं मोजायला लागतात असं आपल्याकडे बरेच जण मानतात. हद्दीपलीकडे दोन दिवस जाऊन आल्यानं साधारणपणे जुनीच तारीख चालू राहते.

मग मासेमारीचा परवाना. बोटीत नुसतं बसायला लागत नाही, पण गळ हातात धरणाऱ्या प्रत्येकाला लागतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांताकडे आधी एक ओळख क्रमांक काढायचा, त्यावर दिवसाचा परवाना, आणि स्टर्जनसाठी त्याच्यावर वेगळी रक्कम. अर्जात आमचा वर्ग होता 'नॉन-रेसिडेंट एलियन'. वीस वर्षांत मी बऱ्याच फॉर्मवर एलियन झालेय, दादा पहिल्यांदाच झाले. त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

२०२२ चा सप्टेंबर होता, त्यामुळे कोविडचंही होतं. कॅनडाच्या ॲपवर प्रवासाच्या आधी बहात्तर तासांत लशीचा दाखला चढवावा लागायचा. दादांचे कोविशिल्डचे दोन डोस, त्याचं सर्टिफिकेट, त्याची प्रत, प्रतीची प्रत. सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात, क्रमानं. मला माझ्यावरच खूश व्हायला झालं होतं.

पहाटे चारला निघालो. सहाला सुमासच्या नाक्यावर. समोर मोठ्या ट्रकमध्ये शिकारीला निघालेले अमेरिकन होते. त्यांचीही तऱ्हा असते. रायफल न्यायची तर फॉर्म भरून, फी भरून नाक्यावर दाखवावी लागते. आणि तरुणपणी कधी दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा नावावर असेल तर कॅनडा दारातूनच परत पाठवू शकतो. माझ्या ऑफिसातल्या एकाची अख्खी शिकारीची सहल अशी पार्किंगमध्येच संपली होती. मी दादांना हा किस्सा रंगवून सांगत होते, तेवढ्यात आमचा नंबर आला.

अधिकाऱ्यानं दादांचं पाकीट बघितलं. व्हिसा बघितला, लस बघितली. "खायचं काही आहे?" मी म्हटलं, कणकेचा गोळा आहे, माशासाठी. दादांनी डबा उघडून दाखवला. तो हसला. मग मला म्हणाला, "आणि तुमचा पासपोर्ट?"

मी ग्रीन कार्ड पुढे केलं. तो म्हणाला, हे बघितलं, पासपोर्ट?

२०१८ मध्ये मी नुसत्या ग्रीन कार्डवर गाडीनं गेले होते. २६ एप्रिल २०२२ पासून नियम बदलला होता: ग्रीन कार्ड आणि स्वतःच्या देशाचा पासपोर्ट, दोन्ही हवेत. माझ्या यादीत ती ओळच नव्हती, कारण यादी चार वर्षं जुनी होती. दादांच्या प्रत्येक कागदाची तारीख मी तीनतीनदा तपासली होती. माझा पासपोर्ट घरी कपाटात होता.

त्यानं आम्हाला आत बसवलं, एक कागद दिला आणि गाडी वळवायला सांगितली. अमेरिकेच्या बाजूला पुन्हा खिडकी. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कॅनडात किती दिवस होता?" मी म्हटलं, पंचवीस मिनिटं.

पुढे एका पेट्रोलपंपावर गाडी लावली आणि मला रडायला आलं. पासपोर्टसाठी नाही. पुन्हा एकदा मी एका हद्दीच्या अलीकडे राहिले होते आणि ह्या वेळी तर विमानं चालू होती. दादा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी घड्याळ बघितलं. ते जे बघणं होतं ना, ते मी स्टँडवर शंभरदा पाहिलंय.

"जावईबापू घरी आहेत?"

"आहेत, झोपलेत."

"त्यांना पासपोर्ट घेऊन निघायला सांग. आपण इकडून निघू. मध्ये गाव कुठलं?"

मी म्हटलं, माउंट व्हर्नन. "किती लांब? त्यांना किती, आपल्याला किती?" मी नकाशा बघून आकडे सांगत गेले. दादा म्हणाले, "सात पन्नासला क्रॉसिंग. मासेवाल्याला फोन कर, साडेदहाला येतो म्हणावं." मी घरापर्यंत जाऊन यायचा विचार करत होते, चार तासांचा. चाळीस वर्षं बिघडलेल्या गाडीचे प्रवासी मधल्या स्टँडवर दुसऱ्या गाडीत बसवणाऱ्या माणसाला हे सुचायला अर्धं मिनिट लागलं. सात पंचावन्नला नवरा पायजम्यातच पासपोर्ट घेऊन आला. दादा म्हणाले, "पाच मिनिटं लेट."

गाईड भला माणूस. त्यानं थांबतो म्हटलं, पैसे मात्र पूर्ण घेतले, आणि ते बरोबरच होतं.

नदीबद्दल काय सांगू, गढूळ, रुंद, थंड. बाजूला डोंगर. कणकेचा गोळा डब्यातच राहिला. गाईडनं जाळीच्या तुकड्यात सामन माशाची अंडी बांधून लावली. दादांनी गळ हातात घेऊन अंगठ्यानं टोक चाचपलं. टोकाला उलटा काटा नव्हता. तिथं कायद्यानं तसाच गळ लागतो. दादा मला म्हणाले, "असल्या गळाला मासा राहतोय होय?"

राहिला. दीड तासानं राहिला. दादांच्या कमरेला गाईडनं पट्टा बांधला होता आणि मी मागून त्यांचा सदरा धरला होता. वीस-पंचवीस मिनिटं. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस जे ओरडला, ते मी बाईंसमोर सांगू शकत नाही.

बोटीच्या कडेला आणल्यावर साडेपाच फूट भरला. तो धरून आणता येत नाही, १९९४ पासून तिथं स्टर्जन ठेवून घ्यायला बंदी आहे. हे मी दादांना आधी सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून घेतलं नव्हतं. "सोडायचा? मग धरला कशाला?"

गाईडनं उत्तर दिलं नाही. त्यानं एक यंत्र काढून माशाच्या डोक्यामागून फिरवलं. बीप वाजलं, पडद्यावर नंबर आला. ह्या माशाला आधी कुणीतरी धरलं होतं, कातडीखाली तांदळाएवढी खूण घातली होती. गाईड मंडळी स्वेच्छेनं हे करतात: नंबर, लांबी, घेर, जागा, तारीख लिहून संस्थेला पाठवतात, आणि त्यावरून नदीत मासे किती, वाढतात कसे, याचा हिशोब लागतो. मी हे मराठीत सांगितलं.

दादा गाईडच्या वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गाडी आली, नोंद केली, सोडली." आणि वाकून पाण्यात हात घातला. गाईडनं दाखवलं तसं शेपटीजवळ धरलं. मासा थोडा वेळ तसाच राहिला. मग गेला. दादांनी घड्याळ बघितलं आणि गाईडला वेळ सांगितली, लिहायला.

परत येताना ते सबंध वाटभर बोलत होते. आईबद्दलच बोलत होते. एवढा मोठा मासा घरी आणला असता तर ती काय म्हणाली असती, कुठल्या पातेल्यात मावला असता, शेजारी कुणाकुणाला वाटा गेला असता.

दादा आज आलेत, तिकडे तिसऱ्या रांगेत बसलेत. परवान्याचा कागद त्यांच्या पिशवीत आहे, विचारलंत तर दाखवतील. माशाची लांबी मात्र मी सांगितली तीच धरा. त्यांच्या तोंडून ती दर वर्षी वाढते, आणि त्यांचं म्हणणं असं की सोडलेला मासा आहे, वाढणारच.