गाविलगडाचा उत्तरेकडील तट



पस्तीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा पाठ आला कीं मी ठराविक वाक्य सांगत असें : सन १८०३ च्या १५ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड इंग्रजांनीं घेतला. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, किल्ला इतका बळकट होता, तर तो तीन दिवसांत पडला कसा ?" मीं क्षणभरही विचार न करतां उत्तर दिलें, "फितुरीनें; दुसरें काय !" मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. तोंपर्यंत मीं स्वतः गाविलगड पाहिलेला नव्हता. सेवानिवृत्तीनंतर तो पाहिला, आणि माझें उत्तर खोटें होतें हें तेथील दगडांनीं मला दाखवून दिलें. त्या दगडांविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अमरावती जिल्ह्यांत, चिखलदऱ्यानजीक, सातपुड्याच्या एका कड्यावर हा किल्ला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें साडेतीन हजार फूट. मूळ येथें गवळ्यांची मातीची गढी होती व तीवरून हें नांव पडलें, असें सांगतात. दगडी किल्ल्याचें श्रेय अहमदशाह बहामनी यास, म्हणजे सन १४२५ च्या सुमारास, देण्यांत येतें. पुढें वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमादुल्मुल्क यानें त्याची डागडुजी केली. दिल्ली दरवाजावर सिंह, हत्ती आणि गंडभेरुंड, म्हणजे दोन मस्तकांचा पक्षी, कोरलेले आहेत. गंडभेरुंड हें विजयनगरकडील चिन्ह. फत्तेउल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखांतील हिंदु कुळांतला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे वऱ्हाडच्या वेशीवर तें कसें आलें याचा उलगडा होण्यासारखा आहे.

आतां किल्ल्याची रचना डोळ्यांपुढें आणा. दक्षिणेस वऱ्हाडचें मैदान आहे व तिकडे कडा एकदम तुटलेला आहे. त्या बाजूस आंतला किल्ला. त्याच्या उत्तरेस व वायव्येस बाहेरचा किल्ला. दोहोंच्या मध्यें खोल घळ. बाहेरच्या किल्ल्याच्याही पुढें, उत्तरेची वाट अडविण्यासाठीं, आणखी एक तट. दक्षिण दरवाजाची चढण इतकी उभी कीं तेथून केवळ पायीं माणसानेंच जावें. वायव्येची वाट अरुंद, आणि लांबवर तटावरील माऱ्याखालीं येणारी. एका उत्तरेसच बाहेरची जमीन किल्ल्याच्या पातळीला येऊन मिळते. निसर्गानें तेवढें एक दार उघडें ठेवलें, म्हणूनच माणसानें तिकडे भिंतीपुढें भिंत घातली. जेथें तटबंदी अधिक, तेथेंच किल्ला दुबळा, हें बांधणारांस पुरतें ठाऊक होतें.

मग त्यांची चूक कोठें झाली ? माझ्या मतें चूक झालीच नाहीं. एलिचपुराहून उत्तरेच्या बाजूस यावयाचें तर डोंगरांतून सुमारें ३० मैलांचा रस्ता. जड तोफा तेथून कोण आणणार, हा पंधराव्या शतकांतील हिशेब बरोबरच होता. परंतु १८०३ सालीं कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानें वाट करीत, हातांनीं ओढीत तोफा त्या डोंगरांतून आणल्या. दोन दिवसांच्या माऱ्यानें उत्तरेच्या तटास खिंडार पडलें. तरीही घळीपलीकडे आंतल्या किल्ल्याची भिंत शाबूत होती. तेव्हां कॅप्टन कॅम्बेल ९४ व्या पलटणीच्या लोकांसह शिड्या लावून ती भिंत चढला, आणि दरवाजा आंतून उघडला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढाईंत कामास आला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला.

ही पलटण 'स्कॉच ब्रिगेड' या नांवानें ओळखली जात असे. तिच्या देशांतही अशाच घडणीचा एक किल्ला आहे. डनॉटर हा समुद्रांत घुसलेल्या कड्यावर उभा असून जमिनीशीं केवळ एका अरुंद पट्टीनें जोडलेला आहे. तोही कित्येक महिने टिकला आणि सन १६५२ मध्यें जड तोफा येऊन पोंचल्यावर शरण गेला. त्याच्या पडक्या भिंती लोक आज आदरानें पाहावयास जातात, आणि त्यांस कोणी फितुरीचा बट्टा लावीत नाहीं.

सन १८५८ मध्यें गाविलगड निकामी करण्यांत आला. आज तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या रानांत आहे. झाडांचीं मुळें सांध्यांत शिरून दगड सुटे करतात, आणि जीं मुळें करीत नाहींत तें आमचे प्रवासी करतात : कोरीव दगडावर स्वतःचें नांव खरडतात. एकेक दगड ढळला कीं पुराव्याची एकेक ओळ पुसली जाते. तो तट जोंवर उभा आहे, तोंवर माझ्यासारख्या मास्तराची चूक दाखविणारा कोणीतरी आहे.

तो विद्यार्थी आज कोठें असेल, मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असेल तर त्यानें आपल्या वहींतलें तें एक उत्तर खोडावें. गाविलगड फितुरीनें पडला नाहीं. ज्यांनीं तो राखला ते तेथेंच पडले. आणि त्यांच्या नांवाला लागलेला डाग पुसण्याचें काम, उशिरा कां होईना, त्या डागाला हातभार लावणाऱ्या मास्तराचेंच आहे.