धरण एका खात्याचं, नळ दुसऱ्याचा

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर आणि अभियंता बंधुभगिनींनो,

सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात स्वागत समितीच्या वतीनं आपलं मनापासून स्वागत. दुपारी पानात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच; सोलापूरची ती बाजू मी मांडायची गरज नाही.

संस्थेत कोण कोणाशी बोलतं, तसाच तिनं उभारलेल्या यंत्रणेचा आराखडा होतो, असं संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली छापून आलेल्या लेखात लिहिलं. त्याआधी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’नं तो लेख परत पाठवला होता, म्हणणं सिद्ध केलेलं नाही म्हणून. त्या संपादकांनी सोलापूरला यायला हवं होतं.

उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी. तरीही या शहरानं वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली. दोष एकट्या पावसाचा नाही. एकरुख तलावाचं पाणी भवानी पेठेत शुद्ध होतं, उजनीच्या जलवाहिनीचं पाकणीला, भीमेतून उचललेलं सोरेगावला. त्यातली भीमेची वाट बघा. धरण जलसंपदा खात्याचं. ते नदीत पाणी सोडणार. शंभराहून अधिक किलोमीटर वाहत ते औज बंधाऱ्यात आलं, की पुढं महापालिका उचलणार. मधल्या काठावर शेतकऱ्यांचे पंप. त्यांची वीज तोडायचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, तोडणार महावितरण. एवढं करून शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागत आलं. प्रत्येक खातं आपलं काम चोख करतं, आणि पाणी दोन खात्यांच्या मधे जिरतं.

पुरेशी मोठी थेट जलवाहिनी हवी, हे कोणत्याही अभियंत्याला पहिल्याच दिवशी सुचलं असतं. पण तिच्यासाठी पैसा एका दारी मागायचा, जमीन दुसऱ्या, पाण्याचा कोटा तिसऱ्या. नदीला निविदा लागत नाही! पंप लावणाऱ्या शेतकऱ्याला चोर म्हणणं मात्र मला पटत नाही. बांधाशेजारून पाणी जात असताना त्यानं उभं पीक जळू द्यायचं? नियोजनाच्या बैठकीत त्याला खुर्चीच नसते, मग तो आराखड्यात येतो तो अडथळा म्हणून.

तेव्हा एक विनंती. परिषदेत आपल्याच खात्याच्या माणसाशेजारी बसू नका. आणि पुढच्या योजनेत पाइपचा व्यास ठरवण्याआधी किती सह्या लागणार ते मोजा. जमल्यास आधी त्या कमी करा.

आपणा सर्वांचं पुन्हा स्वागत करतो आणि उद्घाटकांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी त्यांना विनंती करतो.