न दिसणारा शत्रु

२०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्पेक्ट्रल’ नामक इंग्रजी बोलपटांत मोल्डोव्हा देशाच्या उद्ध्वस्त नगरींत लढणाऱ्या सैनिकांवर एक विलक्षण संकट ओढवतें. शत्रु समोर उभा असतो, पण दिसत नाहीं. त्याचा स्पर्श होतांच धडधाकट जवान कोसळतो, आणि बंदुकीची गोळी धुक्यांतून जावी तशी त्याच्या आरपार जाते. क्लाइन नांवाचा शास्त्रज्ञ एका खास कॅमेऱ्यानें त्याला दृश्य करतो, तेव्हां कोठें सैन्याला धीर येतो.

या आकृतींना कथाकारानें सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांचें नांव चिकटविलें आहे, तें मात्र पटत नाहीं. त्या दोघांच्या १९२४-२५ मधील गणितांतून सुचलेली द्रव्याची ती अवस्था १९९५ सालीं प्रयोगशाळेंत सिद्ध झाली खरी. पण ती निरपेक्ष शून्याच्या अगदीं निकट, आणि किंचित् ऊब लागतांच मोडणारी. ती भर रस्त्यांतून धांवेल कशी? असो, कथेला तेवढी मोकळीक द्यावी.

परंतु, श्रोतेहो, न दिसणाऱ्या शत्रूनें सैनिकांना गांठल्याची एक खरी हकीकतही आहे, आणि तिचा धागा थेट इचलकरंजीपर्यंत पोहोंचतो. अफगाणिस्तानांत उतरलेल्या सोव्हिएट फौजेंत काविळीची साथ उद्भवली. ठाऊक असलेल्या काविळींपैकीं ती कोणतीच नव्हे, असा मॉस्कोच्या मिखाईल बलायान या संशोधकास संशय आला. जुनी ‘ए’ कावीळ त्यास पुन्हां होण्याजोगी नव्हती. त्यानें नऊ रुग्ण सैनिकांच्या मलाचा अर्क स्वतःच प्राशन केला! सुमारें पांच आठवड्यांनीं त्याचे डोळे पिवळे झाले, आणि त्याच्याच मलांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं विषाणूचे गोल कण दिसले. हें संशोधन १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. एका मिलिमीटरच्या लांबींत असे सुमारें तीस हजार कण ओळीनें बसतील. पुढें या रोगास ‘हेपटायटिस ई’ हें नांव मिळालें. १९५५-५६ सालीं दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत मैला शिरून जी प्रचंड साथ आली, तीही याच जातीची, असें मागाहून ठरलें.

हाच शत्रु २०१२ च्या उन्हाळ्यांत इचलकरंजींत उतरला. मागांच्या खडखडाटांत अहोरात्र जागणाऱ्या त्या गांवांत हजारों माणसें अंथरुणास खिळलीं, आणि कित्येकांना प्राणास मुकावें लागलें. या विषाणूचा कावा असा कीं, पोटांत गेल्यावर तो दोन ते दहा आठवडे गप्प असतो. डोळ्यांत पिवळेपणा उतरतो, तोंवर तो पाण्याचा घोट कोणाच्या स्मरणांतही नसतो. गर्भवती स्त्रियांना, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, तो फार घातक. त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत जातें.

पंचगंगेचा विषय निघाला कीं रंगवलेल्या पाण्यावर लोकांचा रोष अधिक, कारण तें डोळ्यांना दिसतें. तो रोष अनाठायीं नाहीं. पण ही कावीळ रंगानें होत नाहीं, मैल्यानें होते. नदींत सोडलेलें गटाराचें पाणी आणि पिण्याच्या नळास पडलेली भेग, एवढें त्यास पुरतें. बोलपटांतील ती भुतेंही माणसानेंच कारखान्यांत निर्माण केलेलीं असतात. पण तेथें यंत्र बंद करतांच तीं नाहींशीं होतात. नदीला तशी कळ नाहीं.

चीननें २०११ सालीं या रोगावरील लसीस मान्यता दिली. घरगुती उपाय मात्र जुनाच: पाणी खळखळून उकळावें. पण रात्रपाळी करून पहांटे परतणाऱ्या कामगाराच्या घरीं, दोन हंडे पाणी रोज उकळण्याइतकें जळण कोठून आणावें, हा प्रश्न त्या उन्हाळ्यांत घरोघरच्या बायकांपुढें होता.